आतड्याचा जुना आजार आणि विषाणूंची साथ: मराठवाड्यातल्या रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (आयबीडी या आतड्याच्या जुन्या आजाराचा एक प्रकार) होऊन चौदा वर्षं झाली. राहते परभणीत, तपासणीला जाते छत्रपती संभाजीनगरला. दर पावसाळ्यात माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या तरी ओळखीतून नंबर मिळालेला असतो आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "ताई, ताप आलाय, आता आतड्याच्या गोळ्या घ्यायच्या का बंद करायच्या?" त्या फोनांवर सांगत आले तेच इथं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी थांबवणं, डोस बदलणं हे तुमच्या डॉक्टरांनीच करायचं. त्यांच्याशी नेमकं काय बोलायचं, हे कळावं म्हणून हा खटाटोप.

आयबीडी म्हणजे काय? नातेवाईक म्हणतात, जुनी आव आहे.

आव जंतूंमुळे होते आणि औषधानं जाते. आयबीडी म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज. यात आपलीच प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावर सतत हल्ला करत राहते. याचे मुख्य प्रकार दोन : अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात आणि गुदाशयात असतो, क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. दोन्ही दबतात, मुळापासून जात नाहीत. रक्त पडतं म्हणून वर्षानुवर्षं मूळव्याधीचं औषध घेत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. दुर्बिणीची तपासणी झाल्याशिवाय यातलं काहीच ठरत नाही.

हा आजार असला की सर्दी-ताप इतरांपेक्षा जास्त होतो का?

नुसत्या आजारामुळे फारसा नाही. "माझी प्रतिकारशक्तीच कमी आहे" असं आपण म्हणतो खरं, पण आजार शांत असेल, वजन नीट असेल आणि फक्त मेसालामाइन हे आतड्याचा दाह कमी करणारं औषध चालू असेल, तर तुम्ही जवळजवळ शेजाऱ्यासारखेच. फरक पडतो तो प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे, उसळलेल्या आजारामुळे, कुपोषणामुळे आणि वयामुळे. आपल्याकडे कुपोषण जरा जास्त धरायला हवं. रक्त पडतं म्हणून हिमोग्लोबिन सात-आठवर आलेलं असतं, त्यात बायका घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात. अशा अंगाला साधा फ्लूसुद्धा लांबतो.

कोणत्या औषधानं किती फरक पडतो?

मेसालामाइन आणि सल्फासलाझिन प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांत मोजत नाहीत. सगळ्यात जास्त जपायचं ते स्टेरॉइडला. रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांहून अधिक चालू असेल, तर डॉक्टर तुम्हाला प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण धरतात. अझाथायोप्रीनचं नातं विशेषकरून विषाणूंशी आहे : नागीण, चामखीळ, एपस्टीन-बार नावाचा विषाणू. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब या इंजेक्शनांत क्षयरोग आणि हेपॅटायटिस बी यांची धास्ती अधिक. टोफासिटिनिबच्या गोळीनं नागीण होण्याचा धोका ठळकपणे वाढतो. वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्यापुरतं काम करतं, त्यामुळे बाकी शरीराला त्याचा त्रास कमी.

प्रतिकारशक्ती दाबणारी दोन-तीन औषधं एकत्र चालू असली की धोका बराच चढतो. त्यात स्टेरॉइड असेल तर आणखी.

ताप आला. गोळ्या चालू ठेवू की बंद करू?

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, आणि दोन्ही बाजूंनी होतात.

स्टेरॉइड अचानक बंद करायचं नाही. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणं कमी करतं. तापाच्या वेळी शरीराला ते उलट जास्त लागतं. अशात गोळी बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो. आपल्याकडे घरातली वडीलधारी मंडळी प्रेमानंच म्हणतात, "आधी ताप उतरू दे, एवढी कडक औषधं एकाच वेळी नको." त्यांना हे समजावून सांगायलाच हवं. उलट्या होऊन गोळी पोटात टिकतच नसेल, तर सकाळची वाट बघू नका. दवाखान्यात जाऊन स्टेरॉइड शिरेतून घ्यावं लागतं.

मेसालामाइन चालूच ठेवायचं.

अझाथायोप्रीन, मेथोट्रेक्सेट, टोफासिटिनिब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचं वेगळं. जोराचा ताप असेल तर बहुतेक डॉक्टर ती काही दिवस थांबवतात, रक्ततपासणी करतात आणि ताप गेल्यावर परत सुरू करतात. नुसत्या शिंका असतील तर बहुधा थांबवत नाहीत. पण हे फोन करून विचारायचं, मनानं ठरवायचं नाही. अझाथायोप्रीन दहा दिवस थांबलं म्हणून आजार लगेच उसळत नाही, त्याचा असर सावकाश उतरतो. खरा घोळ होतो तो परत सुरू करायचं राहून जातं तेव्हा. इंजेक्शनची तारीख तापात आली तर बरं वाटेपर्यंत ती पुढं ढकलतात. तिथंही केंद्राला फोन करून नवी तारीख त्याच वेळी घ्या.

अझाथायोप्रीन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आला आणि केस मुठीनं गळायला लागले, तर तो विषाणूचा ताप समजून अंगावर काढू नका. काही लोकांच्या शरीरात, आणि आपल्या आशियाई लोकांत जास्त, ही गोळी नीट मोडली जात नाही आणि पांढऱ्या पेशी झपाट्यानं उतरतात. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं.

गावातल्या दवाखान्यात सुई आणि सलाईन घेतली तर चालेल का?

सुईत काय आहे, हे कळल्याशिवाय नाही. हे मी स्वतः भोगून सांगते आहे.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मला ताप आला. डोळ्यांमागं ठणका, अंग मोडून आलेलं. घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. आतड्याचा आजार आहे, असं सांगितलं, तर उत्तर मिळालं, "त्याचा इथं काय संबंध?" कमरेत एक सुई, एक सलाईन आणि पुडीत बांधलेल्या चार प्रकारच्या गोळ्या. संध्याकाळी ताप उतरला, मी भाकरी खाल्ली, बरं वाटलं. पाचव्या दिवशी पहाटे संडासात रक्त. पहिल्यांदा थोडं, दुपारपर्यंत नुसतं रक्तच. संभाजीनगरला नेलं तेव्हा प्लेटलेट ४२ हजार होत्या. डेंगी निघाला. तिथल्या डॉक्टरांनी पुडी मागितली. गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापलेली, नाव निम्मं गेलेलं, नुसतं "फेनॅक" उरलेलं. तेवढ्यावरून त्यांना कळलं. डायक्लोफेनॅक. कोलायटिसमध्ये ही वेदनाशामकं आतड्याचा दाह भडकवू शकतात, डेंगीत रक्तस्राव वाढवू शकतात, आणि मला दोन्ही आजार एकदमच होते. रक्त नेमकं कशामुळे गेलं, हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही. अकरा दिवस मी तिथं होते.

तेव्हापासून मेडिकलवाल्याला सांगते, पट्टी कापू नका, नाव असलेला तुकडा मला द्या. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन, मेफेनामिक अॅसिड ही नावं लक्षात ठेवा आणि नको म्हणा. सुईत बऱ्याचदा स्टेरॉइडही असतं. त्यानं ताप उतरतो, तासाभरात माणूस उठून बसतो आणि म्हणूनच ती सुई गावात लोकप्रिय आहे. पण आत काय चाललंय, ते त्यानं झाकलं जातं.

जुलाब लागले. हा आजार उसळला की साथ आहे, कसं ओळखायचं?

घरात आणखी कुणाला झालंय का, हे आधी बघा. लग्नाच्या पंगतीहून आलेल्या तिघांना एकाच रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले, तर बहुधा विषाणू. नोरोव्हायरसचा त्रास एक ते तीन दिवसांत ओसरतो, लहान लेकरांना होणारा रोटाव्हायरस आठवडाभर चालू शकतो. सुरुवात अचानक, उलट्या जास्त, जुलाब पाण्यासारखे, रक्त नाही. आजाराची उसळी बहुतेक वेळा दबकत येते : आधी एक-दोन वेळा जास्त जावं लागतं, मग चिकट स्राव, मग रक्त, मग रात्री झोपेतून उठून पळावं लागतं, जाऊन आल्यावरही पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही.

तरी अनुभवी रुग्णालाही हे दर वेळी ओळखता येत नाही, आणि डॉक्टरलाही नुसतं ऐकून नाही. म्हणून तीन-चार दिवसांत थांबलं नाही किंवा रक्त दिसलं, तर संडासाची तपासणी करायची. त्यात क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाच्या जिवाणूची तपासणीही मागा. तो आयबीडीच्या रुग्णांत जास्त सापडतो आणि त्याचा उपचार वेगळाच आहे. त्यात कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहाची खूण) वाढलेलं आलं म्हणून घाबरू नका, साध्या संसर्गातही ते वाढतं. घरातलं उरलेलं प्रेडनिसोलोन स्वतःच सुरू करणं ही मात्र मोठी चूक आहे. संसर्ग असेल तर तो त्यानं बळावतो.

अशा साथीनं नंतर आजार उसळतो का?

काहींचा उसळतो, सगळ्यांचा नाही. पोटाचा संसर्ग झाल्यावर दोन-चार आठवडे जरा लक्ष ठेवा, एवढंच. कॅलेंडरवर रोज किती वेळा जावं लागलं, तो आकडा लिहा. माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर असे आकडे भरलेले असतात आणि डॉक्टर रिपोर्टच्या आधी तेच बघतात.

तेवढ्या दिवसांत खायचं-प्यायचं काय?

ओआरएस. एका लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच, २०० मिलीचं असेल तर २०० मिलीमध्येच. अंदाजे ग्लासभर पाण्यात मोठं पाकीट ओतू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या साखरेनं जुलाब वाढतात. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, पचत असेल तर ताक. ज्वारीची भाकरी दोन दिवस बाजूला ठेवली तर चालते, आपली मंडळी त्यावर नाराज होतात, तरीही.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी रक्त पडत असताना किंवा ताप असताना घेऊ नका. दाह असलेलं आतडं त्यानं फुगून बसू शकतं, आणि ते जिवावरचं दुखणं आहे.

डेंगीत आमच्यासाठी वेगळं काय?

मराठवाड्यात हा प्रश्न वेगळ्या कारणानं मोठा आहे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघरी बॅरल, हौद, रांजण भरलेले. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष ज्यांनी काढलं त्यांच्या हातून साठवलेलं पाणी ओतून दिलं जाणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण एडिस डास याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत उडायला लागतो. पाणी ओतू नका, झाका. बॅरलवर जुन्या साडीचा दुहेरी तुकडा घट्ट बांधा. बॅरल रिकामं झालं की परत भरण्याआधी आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी राहतात. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी.

आता आजाराबद्दल. पहिल्या पाच दिवसांत डेंगीची एनएस-१ ही रक्ततपासणी, पुढं आयजीएम ही. धोका तापात कमी आणि ताप उतरल्यावर जास्त असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे. "ताप गेला, बरं झालं" म्हणून लोक तेव्हाच निर्धास्त होतात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं, रक्त जाणं यांपैकी काही दिसलं तर दाखल व्हा. आपल्या बाबतीत दोन गुंते जास्तीचे. पहिला : अझाथायोप्रीननंही पेशी उतरतात आणि डेंगीनंही, म्हणून तापाच्या आधीचा रक्ताचा रिपोर्ट जवळ असला तर डॉक्टरांना तुलना करता येते. दुसरा : पोट दुखणं आणि रक्त पडणं आपल्याला नेहमीचं, म्हणून डेंगीची धोक्याची खूण आपण "आपलं जुनंच" म्हणून सोडून देतो. डेंगीच्या दिवसांत ते जुनं धरू नका.

पपईच्या पानांचा रस दाहाच्या आतड्यात ओतण्यासारखी वस्तू नाही. प्लेटलेट डेंगीतून माणूस सावरतो तशा आपोआप चढतात.

चिकनगुनियानंतर सांधे दुखताहेत. हे आयबीडीचं दुखणं की चिकनगुनियाचं?

दोन्ही असू शकतं. चिकनगुनियानंतर सांधे कित्येक महिने धरतात, आणि आयबीडीतही सांधे सुजतात. आतड्याचा त्रास वाढला की दुखणं वाढतं का, ते बघून सांगा. वेदनाशामकाच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊ नका, शेक, हळूहळू व्यायाम आणि पॅरासिटामॉलवर भागवून डॉक्टरांकडून पुढचा मार्ग ठरवा.

कावीळ झाली तर? आमच्याकडे काविळीचं गावठी औषध देतात.

हेपॅटायटिस ए आणि ई दोन्ही दूषित पाण्यातून येतात. उन्हाळ्याच्या शेवटी टँकरचं पाणी आणि पहिल्या पावसात विहिरीत वाहून आलेली घाण, हे त्यांचे दिवस. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे : पाणी खळखळून उकळा. आशाताईंनी दिलेलं क्लोरीनचं औषध असेल तर बाटलीवरच्या मापानं घाला. ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला जिवावरची ठरू शकते.

नाकात रस घालणं, हातावर चुना लावून काविळीचं पाणी उतरवणं, मुळीचा काढा, हे मला नीट माहीत आहे, माझ्या आजीनंही लोकांना नेलेलं आहे. ए आणि ई प्रकारच्या काविळी बहुतेक आपोआप बऱ्या होतात, आणि श्रेय औषधाला मिळतं. पण आपल्याला अझाथायोप्रीन किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर ती आधीच यकृतावर ताण देणारी. त्यावर अनोळखी काढा नको. शिवाय कोलायटिसच्या काही रुग्णांना पित्तनलिकांचा वेगळा आजार होतो, त्यातही डोळे पिवळे होतात. म्हणून आपल्याकडे कावीळ दिसली की रक्त तपासल्याशिवाय काहीही करायचं नाही.

इंजेक्शन सुरू करण्याआधी एवढ्या तपासण्या का? पैसे उकळतात असं वाटतं.

तसं वाटणं मी समजू शकते, पण ही तपासणी टाळू नका. हेपॅटायटिस बी कितीतरी लोकांच्या अंगात गुपचूप असतो. प्रतिकारशक्ती दाबली की तो उठतो आणि यकृत निकामी करू शकतो. आधी कळलं तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची गोळी देऊन तो दाबून ठेवता येतो आणि आतड्याचा उपचारही चालू राहतो. एचबीएसएजी ही एकच तपासणी पुरत नाही, अँटी-एचबीसीसुद्धा लागते. संसर्ग नसेल आणि लसही झालेली नसेल, तर लस घ्या : शून्य, एक आणि सहा महिने. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होण्याआधी घेतली तर ती जास्त चांगली लागू पडते. क्षयाची तपासणीही याच वेळी होते. क्षय विषाणूचा नाही, पण या इंजेक्शनांवर असताना दोन आठवड्यांहून जास्त बारीक ताप, रात्रीचा घाम आणि वजन उतरणं, याला व्हायरल म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

स्टेरॉइड चालू असूनही रक्त थांबत नाही. डॉक्टर सीएमव्ही तपासू म्हणतात, ते काय आहे?

सायटोमेगॅलोव्हायरस. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही, आणि मग आयुष्यभर अंगात झोपून राहतो. कोलायटिस जोरात असताना, स्टेरॉइड चालू असताना, तो आतड्याच्या जखमेतच जागा होतो. मग बाहेरून दिसतं असं की औषध लागू पडत नाहीये. स्टेरॉइड वाढवलं तर विषाणू आणखी माजतो. त्यामुळे हा प्रश्न वेळेत विचारला जाणं फार महत्त्वाचं.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप, जलद नाडी किंवा उतरलेलं हिमोग्लोबिन असेल तर तो तीव्र कोलायटिस. त्यात दाखल करून शिरेतून स्टेरॉइड देतात, आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास बघतात की फरक पडतोय का. पडत नसेल तर छोट्या दुर्बिणीनं खालच्या आतड्याचा तुकडा काढून त्यात सीएमव्ही शोधतात. नुसत्या रक्ताच्या अँटिबॉडीवरून काही कळत नाही, त्या बहुतेकांच्या येतातच. सापडला तर गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून सुरू करतात, सुधारल्यावर गोळी, मिळून साधारण दोन ते तीन आठवडे. जालन्याच्या एका मुलाच्या घरच्यांना मी एवढंच सांगितलं होतं की "तुकडा तपासला का, ते विचारा." काही वेळा एवढा एक प्रश्नच पुरतो.

ही सोय तालुक्याला नाही. संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं किंवा पोटविकारतज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठावं लागतं.

एपस्टीन-बारबद्दल वाचलं आणि घाबरलो. अझाथायोप्रीन सोडू का?

नका सोडू. हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो. ज्यांना झालेला नाही, त्यातही तरुण मुलं, त्यांना या गोळीवर असताना तो पहिल्यांदा झाला तर लसिकाग्रंथींच्या एका दुर्मीळ कर्करोगाची भीती असते. म्हणून काही डॉक्टर सुरुवातीलाच अँटिबॉडी बघतात. विचारा, आणि निर्णय त्यांच्यासोबत घ्या.

नागीण झाली. शेपूट आणि तोंड जुळलं की माणूस जातो म्हणतात.

जात नाही. नागीण म्हणजे कांजण्यांचाच विषाणू, जो नसेत दडून बसलेला असतो. तो एका नसेच्या पट्ट्यात उठतो, म्हणून पुरळ बहुतेक अंगाच्या एकाच बाजूला राहतं. गेरूचा लेप लावण्यात आणि मंत्र घालण्यात जे दिवस जातात, ते मात्र परत मिळत नाहीत. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळी सुरू झाली तर फायदा सगळ्यात जास्त. उशीर झाला तरी आपल्यासारख्यांनी दाखवायचंच. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. अंगभर पसरली तर दाखल.

२०२३ पासून नागिणीची निष्क्रिय (जिवंत विषाणू नसलेली) लस भारतात मिळते, दोन डोस. महाग आहे. पण टोफासिटिनिब सुरू होणार असेल तर तिचा खर्च डॉक्टरांशी बोलून मनावर घ्या.

घरात लेकराला कांजण्या आल्यात आणि मला इन्फ्लिक्सिमॅब चालू आहे.

तुम्हाला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का, हे आईला आजच विचारा. झाल्या असतील तर काळजी कमी. नसतील आणि लसही झालेली नसेल, तर फोड येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आधीच औषध देता येतं. देवी आल्या, माता आली म्हणून घरात औषध वर्ज्य करण्याची रीत आहे. लिंबाचा पाला ठेवा, पण फोन करा.

कोविड परत आला तर?

जगभरातल्या आयबीडी रुग्णांच्या नोंदी २०२० पासून एकत्र केल्या गेल्या. त्यातून दिसलं ते असं, की स्टेरॉइडवर असलेल्यांना कोविड जास्त जड गेला, अडालिमुमॅबसारख्या इंजेक्शनांवर असलेल्यांना तसा नाही. भीतीपोटी इंजेक्शन सोडून मग उसळी आल्यावर स्टेरॉइड घ्यावं लागलं, तर आपण कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे गेलो.

लसी कोणत्या चालतात, कोणत्या नाहीत?

निष्क्रिय लसी सगळ्या चालतात. फ्लूची सुई दर वर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी, कारण आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. हेपॅटायटिस बी, मुली आणि तरुण बायकांना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस), आणि अझाथायोप्रीनवर असलेल्या बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणीही वेळेवर करावी.

प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना जिवंत (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेली) लस नको : गोवर-गालगुंड-रुबेला, कांजण्या, पीतज्वर, नाकात फवारायची फ्लूची लस. घ्यायचीच असेल तर औषध सुरू होण्याच्या किमान चार आठवडे आधी. एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. हेपॅटायटिस एची लस भारतात दोन्ही प्रकारची मिळते, जिवंतही आणि निष्क्रियही. दुकानदार जी हातात येईल ती देतो. डॉक्टरांच्या औषधाच्या कागदावर "निष्क्रिय" असं लिहून घ्या.

घरातल्यांनीही लसी घ्याव्यात, तेच तुमचं कुंपण. लेकराला पोलिओ किंवा रोटाव्हायरसचे थेंब दिले असतील, तर काही दिवस त्याची शी दुसऱ्या कुणी काढावी, जमत नसेल तर साबणानं नीट हात धुवा.

गरोदरपणात इंजेक्शन चालू होतं. बाळाच्या लसींचं काय?

हे बाळंतपणाआधी ठरलं पाहिजे, कारण आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या बीसीजी टोचतात आणि पोलिओचे थेंब देतात, पुढं सहा आठवड्यांना रोटाव्हायरसचे. बीसीजी ही क्षयाची लस, विषाणूची नाही, पण जिवंत आहे. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब नाळेतून बाळात जातं आणि कित्येक महिने राहतं. अशा बाळाला बीसीजी दिल्यावर ते दगावल्याची नोंद झालेली आहे. म्हणून साधारण पहिले सहा महिने बीसीजी थांबवतात, आणि तोंडावाटे द्यायच्या जिवंत लसींबद्दल बालरोगतज्ज्ञ ठरवतात. बाकीच्या लसी वेळेवरच. प्रसूतीच्या कागदावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि रात्रपाळीच्या सिस्टरला तोंडानंही सांगा.

कुत्रा चावला. रेबीजची लस घेऊ का?

घ्याच, लगेच. ती निष्क्रिय आहे. आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. मग सांगा की तुम्हाला प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे, कारण अशा रुग्णाला रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) द्यावं लागतं. हे सांगितलं नाही तर नुसती लस देऊन घरी पाठवतात.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने डॉक्टर भेटत नाही.

बीड, जालना, धाराशिवकडच्या कितीतरी कुटुंबांचा हा प्रश्न आहे, आणि त्याचं पुरेसं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं करा : निघण्याआधी रक्त तपासा, लसी उरकून घ्या, निदान दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत ठेवा आणि पुढच्या घरून कुणाच्या हाती मागवायच्या ते ठरवा. फडात कालव्याचं पाणी प्यावं लागतं, तिथं क्लोरीनची बाटली सोबत असू द्या. ताप आला तर मुकादमाला लाजू नका, ज्या तालुक्यात असाल तिथलं ग्रामीण रुग्णालय गाठा आणि आजाराची माहिती लिहिलेली चिठ्ठी दाखवा, ती कशी करायची ते शेवटी सांगते.

धावत दवाखाना कधी गाठायचा?

स्टेरॉइड, अझाथायोप्रीन किंवा इंजेक्शन चालू असताना १०१ च्या वर ताप दोन दिवस टिकला तर. रक्ताचे जुलाब सहाच्या वर गेले तर. पोट फुगून टणक झालं तर. लघवी कमी होऊन गरगरायला लागलं तर. बोलण्यात असंबद्धपणा आला तर. आणि एक पाय सुजून दुखायला लागला किंवा अचानक धाप लागली तर : दाह, ताप आणि कोरडं पडलेलं शरीर यांनी रक्ताची गुठळी होऊ शकते, आयबीडीत ती शक्यता आधीच जास्त असते.

ही चिठ्ठी म्हणजे काय, मघाशी म्हणालात ती?

डेंगीतून उठल्यावर मी केली. आधारकार्डाच्या मापाचा जाड कागद, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेला, पाकिटात नोटांच्या मागं. त्यावर असं आहे :

"मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. अझाथायोप्रीन ५० मिग्रॅ, दिवसातून दोन. मेसालामाइन चालू. प्रतिकारशक्ती कमी आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन देऊ नका. तापाला पॅरासिटामॉल. जिवंत लस देऊ नका. हेपॅटायटिस बी निगेटिव्ह, लस पूर्ण. कांजण्या लहानपणी झाल्या आहेत. काही देण्याआधी या नंबरवर फोन करा."

खाली डॉक्टरांचा आणि भावाचा नंबर. मागच्या बाजूला शेवटच्या रक्ततपासणीची तारीख, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचे आकडे. तेवढ्या भागावर चिकटपट्टी नाही. तिथं पेन्सिलीनं लिहिते, म्हणजे दर तीन महिन्यांनी खोडून नवे आकडे घालता येतात.